छतावरच्या सोलरचं अर्थिंग: पॅनेलच्या चौकटीपासून जमिनीतल्या रॉडपर्यंत

सोलरच्या अर्थिंगचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती ओहम आले?’ म्हणजे रॉड पुरलेल्या खड्ड्याचा रोध किती. या आकड्याला महत्त्व आहेच. पण चौकटीला हात लावल्यावर शॉक बसतो, विजांच्या पावसात इन्व्हर्टर जातो किंवा रोज सकाळी एरर दाखवून अडून बसतो, तेव्हा खड्डा उकरण्याआधी वरचे जोड तपासावेत. खड्ड्यात २ ओहम आणि गच्चीवर लग (वायर बोल्टने कसण्यासाठीचा धातूचा तुकडा) गंजून निखळलेला, अशी सिस्टिम कागदावर उत्तम आणि प्रत्यक्षात बिनअर्थिंगची असते.

एक गोष्ट सुरुवातीलाच. ऊन असेपर्यंत पॅनेल बंद करता येत नाही. मेन स्विच पाडला, इन्व्हर्टर बंद केला, तरी स्ट्रिंगच्या, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या साखळीच्या, दोन टोकांवर पूर्ण व्होल्टेज असतं. इन्व्हर्टर आणि डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच) बंद केल्याशिवाय एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरींचा जोड) ओढायचा नाही. चालू करंटवर ओढला तर डीसीची ठिणगी विझत नाही, हात भाजतो. जोडणीचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. नेमकं काय व्हायला हवं ते मालकाला माहीत असलं की त्याच्याकडून काम नीट करून घेता येतं.

कशाला अर्थ करायचं आणि कशाला नाही

अर्थ करायच्या गोष्टी चार: पॅनेलच्या चौकटी आणि त्यांखालचं स्ट्रक्चर, इन्व्हर्टर, डीसी बॉक्स व एसी बॉक्स यांच्या धातूच्या बॉडी, एसपीडीचा (विजेचा झटका जमिनीकडे वळवणाऱ्या उपकरणाचा) अर्थ टर्मिनल, आणि वीजरोधक (पडणारी वीज झेलणारा उभा रॉड) असल्यास तो.

अर्थ करायची नाही ती डीसीची पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह वायर. हल्लीचे घरगुती इन्व्हर्टर बहुतेक ट्रान्सफॉर्मरलेस, म्हणजे आत ट्रान्सफॉर्मर नसलेले, असतात. त्यात निगेटिव्ह अर्थला जोडली तर इन्व्हर्टर इन्सुलेशन फॉल्ट (डीसी वायर अर्थपासून नीट वेगळी नसल्याची सूचना) दाखवून सुरूच होत नाही, आणि नशीब वाईट असेल तर आतलं काही जळतं. काही विशिष्ट पॅनेलना एक टोक अर्थ करावं लागतं, पण ते इन्व्हर्टर आणि पॅनेल दोन्हींच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. ‘गाडीची बॅटरी कशी बॉडीला निगेटिव्ह असते’ हा तर्क इथे लावू नका.

सोलरचा फॉल्ट वेगळा का, हेही समजून घ्या. घरच्या एसी लाइनवर फेज बॉडीला लागली आणि परतीची वाट चांगली असली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि एमसीबी पडतो. पॅनेल मात्र शॉर्ट केलं तरी त्याच्या ठरलेल्या शॉर्ट-सर्किट करंटपलीकडे, म्हणजे साधारण १०-१५ अँपिअरपलीकडे जात नाही. एवढ्यात फ्यूज उडत नाही. त्यात डीसीच्या दोन्ही वायरी अर्थपासून वेगळ्या असल्याने पहिल्या फॉल्टला काहीच घडल्याचं दिसत नाही. फक्त एक वायर अर्थच्या पातळीवर येते. दुसरीकडे कुठेतरी दुसरी वायर घासली की मात्र चौकटी आणि रेलमधून (पॅनेल ज्यांवर बसतात त्या पट्ट्यांमधून) डीसी वाहू लागतो, आणि सैल जोड असेल तिथे आर्क पेटतो. चौकटी नीट अर्थ असतील तरच इन्व्हर्टरला पहिला फॉल्ट ओळखता येतो, म्हणून वरचे जोड इतके महत्त्वाचे.

सामान

उदाहरणासाठी चार-चारच्या दोन रांगांत ८ पॅनेल, आणि छतापासून जमिनीपर्यंत १० मीटर उंची धरू.

- तांब्याचा लेप असलेले रॉड, ३ मीटर लांब, १७.२ मिमी व्यासाचे, २५० मायक्रॉन लेपाचे: उपकरणांसाठी २, वीजरोधक असल्यास आणखी १
- अर्थिंग कंपाउंड, बेंटोनाइट आधारित: प्रत्येक रॉडला २५ किलोच्या एक-दोन पिशव्या
- झाकणासह चेंबर: रॉडगणिक एक
- हिरवी-पिवळी तांब्याची वायर, ६ चौ.मिमी: छतावर साधारण १५-२० मीटर
- तीच १६ चौ.मिमीची: छतावरून खाली, प्रत्यक्ष लांबी अधिक २ मीटर
- कथिलाचा मुलामा दिलेले तांब्याचे लग: १२ ते १५. वायर न कापता बसणारे उघड्या तोंडाचे लग मिळाले तर तेच घ्या
- स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, दातेरी वॉशर, स्प्रिंग वॉशर
- तांब्याची अर्थ पट्टी, २५×६ मिमी, ६-८ भोकांची, इन्सुलेटरवर बसवलेली
- वीजरोधकासाठी २५×३ मिमीची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी

पातळ लेपाचे रॉड दिसायला सारखेच असतात. ठोकताना दगडाला घासून लेप निघाला की आतलं लोखंड काही वर्षांत गंजतं. लेप किती मायक्रॉनचा आहे ते बिलावर लिहून घ्या.

इलेक्ट्रोड

रॉडसाठी जागा निवडताना घराच्या पायापासून किमान दीड मीटर लांब, शक्य तितकी ओलसर, पण मैलापाण्याच्या टाकीजवळची नको. १०० ते १५० मिमी व्यासाचं ३ मीटर खोल भोक पाडा, मधोमध रॉड उभा करा, कंपाउंडची पाण्यात पातळ लापशी करून हळूहळू ओता. कोरडी पावडर टाकून वरून पाणी मारलं तर मध्ये पोकळ्या राहतात आणि आकडा अपेक्षेपेक्षा जास्त येतो. रॉडचं टोक चेंबरमध्ये १०-१५ सेंमी वर राहू द्या, म्हणजे क्लॅम्प दिसेल आणि तपासणीसाठी सोडवता येईल. तो मातीत पुरून टाकला की पुन्हा कुणी बघत नाही.

मीठ-कोळशाचा खड्डा अजूनही केला जातो. पहिल्या महिन्यात आकडा छान येतो. मग पावसाचं पाणी मीठ धुऊन नेतं, उरलेलं मीठ धातू खातं, आणि तीन-चार वर्षांत खड्डा नावापुरता उरतो. नव्या कामात तो करू नये.

आता हिशेब, कारण ‘एक रॉड ठोकला, झालं’ हे किती फसवं आहे ते त्यातूनच कळतं. मातीची रोधकता ५० ओहम-मीटर असेल, आणि ही काही वाईट माती नाही, तर ३ मीटरच्या १७ मिमी रॉडचा रोध सूत्राने साडेसोळा ओहमच्या आसपास येतो. रॉड दुप्पट जाड केला तरी जेमतेम ११ टक्के कमी होतो. लांबी दुप्पट केली, म्हणजे ६ मीटर, तर ९ ओहमपर्यंत उतरतो. तेव्हा पैसे जाडीत घालू नका, खोलीत घाला. खोल जाणं शक्य नसेल तर दुसरा रॉड, पण पहिल्यापासून किमान एका रॉडच्या लांबीइतका दूर, जमल्यास दुप्पट. हातभर अंतरावर ठोकलेले दोन रॉड विजेच्या दृष्टीने जवळपास एकच रॉड असतात. खडक लागला तर अर्धा ते पाऊण मीटर खोल चर खणून त्यात १०-१५ मीटर पट्टी आडवी टाकणं जास्त व्यवहार्य.

उपकरणांसाठी ५ ओहमच्या आत आणि वीजरोधकासाठी १० ओहमच्या आत, हे सर्वसाधारण लक्ष्य धरा. मोजमाप उन्हाळ्यात करा. भर पावसाळ्यात घेतलेला आकडा सगळ्यांचाच चांगला येतो.

गच्चीवर: चौकट आणि लग

इथे घाई सगळ्यात जास्त होते, आणि त्यामुळे बिघाडही. पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची, पण तिच्यावर ॲनोडायझिंगचा थर असतो आणि तो थर विजेला अडवतो. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वाट सलग असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून दोन्ही टोकं चौकटीवर हलकेच टेकवा: बीप येणार नाही. टोकं दाबून जरासा ओरखडा काढा: लगेच बीप. आता विचार करा, गुळगुळीत वॉशर लावून कसलेला बोल्ट यातल्या कुठल्या स्थितीत असेल? पॅनेल रेलवर क्लॅम्पने घट्ट बसलंय म्हणजे आपोआप अर्थ झालं, हा समज याच थरामुळे खोटा ठरतो.

चौकटीच्या खालच्या कडेला अर्थची खूण कोरलेलं भोक असतं, साधारण ४-५ मिमीचं. तेच वापरा. नवीन भोक पाडलं तर चौकट कमजोर होते आणि वॉरंटीही जाऊ शकते. क्रम असा: लग आणि चौकट यांच्यामध्ये दातेरी वॉशर, मागच्या बाजूला साधा वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट. दातेरी वॉशरचे दात थर फोडून धातूपर्यंत जातात. तो एकदाच वापरायचा; पॅनेल काढून पुन्हा बसवलं की नवा घ्या. पॅनेल आणि रेल यांच्यामध्ये बसणाऱ्या टोकदार क्लिपही मिळतात. त्या चांगल्या आहेत, पण तुमच्या रेलसाठी बनवलेल्याच हव्यात.

उघडं तांबं थेट ॲल्युमिनियमवर कधीही नको. दोन धातूंमध्ये ओल आली की ॲल्युमिनियम झिजतं आणि बोल्टभोवती पांढरी भुकटी जमते. कथिलाचा मुलामा असलेला लग आणि स्टेनलेस स्टीलचा बोल्ट यामुळे ते बरंच टळतं. समुद्राजवळ असाल तर कसून झाल्यावर जोडावर ऑक्सिडेशन रोखणारं ग्रीस लावा.

वायर कशी फिरवायची? एका पॅनेलवरून दुसऱ्यावर तुकडे जोडत जाणं सोपं पडतं, पण मधलं एक पॅनेल दुरुस्तीला काढलं की पुढची सगळी रांग अर्थविना उरते, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याऐवजी रांगेच्या खालून एक अखंड ६ चौ.मिमी वायर न्या आणि प्रत्येक पॅनेलला तिच्यावरून स्वतंत्र जोड द्या. उघड्या तोंडाचे लग इथेच कामी येतात: वायर न कापता आत बसते, वरून स्क्रू कसायचा. प्रत्येक रेलला एक जोड, दोन रेलच्या सांध्यावर एक पूल, आणि स्ट्रक्चरच्या दोन टोकांना एकेक. रंगवलेल्या लोखंडी स्ट्रक्चरवर जोडाच्या जागी रंग खरवडा, बोल्ट कसा, मग वरून पुन्हा रंग मारा; हाच क्रम, उलटा नाही.

खाली येताना

छतावरून अर्थ पट्टीपर्यंत १६ चौ.मिमी. केवळ फॉल्टसाठी ६ चौ.मिमी पुरते, पण वीजरोधक स्ट्रक्चरच्या जवळ असेल तर विजेचा काही भाग याच वायरीतून जाऊ शकतो. त्या स्थितीत १६ चौ.मिमी ही किमान जाडी आहे.

डीसीच्या पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि अर्थ या तीनही वायरी एकमेकींना चिकटून न्या. एक गच्चीच्या या कडेने आणि दुसरी त्या कडेने गेली तर मध्ये मोठं कडं तयार होतं, आणि शंभर मीटरवर पडलेल्या विजेनेही त्यात व्होल्टेज उठतं. उरलेली वायर गुंडाळून भिंतीवर टांगायची सवयही सोडा. गुंडाळीमुळे विजेच्या झटक्याची वाट अडते.

पाण्याच्या किंवा गॅसच्या पाइपला अर्थ जोडू नये. पाण्याचा पाइप मध्येच कुठेतरी प्लास्टिकचा निघतो. गॅसच्या पाइपबद्दल काही सांगायची गरजच नाही.

वीजरोधक

वीजरोधक प्रत्येक घराला लागतोच असं नाही. उंच, एकाकी किंवा वारंवार विजा पडणाऱ्या जागी तो हवा. लावलात तर स्ट्रक्चरपासून अंतर ठेवून लावा. आयईसी ६२३०५ या वीजसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या सूत्राने, सर्वसाधारण घराच्या संरक्षण पातळीला, एकच उतरती पट्टी आणि १० मीटर लांबी धरली तर हे अंतर हवेत ४० सेंमी येतं. भिंतीतून किंवा घन पदार्थातून गेल्यास दुप्पट. तेवढी जागा नसेल तर वीजरोधक आणि स्ट्रक्चर मुद्दाम एकमेकांना जोडा आणि डीसी बॉक्समध्ये टाइप १ (थेट पडलेल्या विजेचा झटका सोसणारा) एसपीडी घ्या. ‘जोडलेलंही नाही आणि लांबही नाही’ ही अवस्था सगळ्यात वाईट, कारण मग वीज उडी मारते.

रॉडची सावली पॅनेलवर पडेल अशी भीती असते. गडद सावली रॉडच्या व्यासाच्या साधारण १०८ पटींपर्यंतच पोचते. १० मिमी रॉडची गडद सावली एक मीटर आणि वर थोड्या सेंटिमीटरांत विरते. म्हणजे पॅनेलपासून सव्वा मीटरवर उभा केला की प्रश्न मिटला.

उतरती पट्टी शक्य तितकी सरळ आणि घराच्या बाहेरून. काटकोनी वळणं टाळून मोठा बाक द्या. ही पट्टी आणि पॅनेलची अर्थ वायर एकाच पाइपातून आणू नका.

खड्डे वेगळे ठेवायचे की जोडायचे?

वीजरोधकाचा एक, डीसीचा एक, एसीचा एक असे तीन खड्डे करायची पद्धत रुळली आहे. तीन खड्डे ठीक. पण ते एकमेकांपासून अलग ठेवायचे हा आग्रह चुकीचा आहे आणि महागात पडतो. ३० किलोअँपिअरची वीज ५ ओहमच्या खड्ड्यात उतरली तर त्या खड्ड्याची पातळी क्षणभर दीड लाख व्होल्टने वर जाते. डीसीचा खड्डा त्याच्या शेजारी असल्याने तोही वर उचलला जातो, एसीचा मात्र दूर आणि खाली. या दोन पातळ्या एकमेकींना कुठे भेटतात? इन्व्हर्टरच्या आत. म्हणून सगळे खड्डे जमिनीखालून २५×३ मिमीच्या पट्टीने एकमेकांना जोडा आणि घरात एकच मुख्य अर्थ पट्टी ठेवा. छतावर वाटा वेगळ्या, जमिनीखाली सगळे एक. जमिनीखालचे जोड वेल्ड केलेले असावेत. तांबं आणि जीआय मातीत थेट जोडले तर जस्त आधी झिजतं.

एसपीडी

डीसी बाजूला टाइप २, आणि त्याचं व्होल्टेज स्ट्रिंगच्या ओपन-सर्किट (काहीच जोडलेलं नसतानाच्या) व्होल्टेजच्या किमान १.२ पट. ५० व्होल्टची ८ पॅनेल म्हणजे ४०० व्होल्ट. ४८० च्या वरचा, म्हणजे ६०० व्होल्टचा एसपीडी चालेल. पॅनेल आणि इन्व्हर्टरमध्ये १० मीटरपेक्षा जास्त केबल असेल तर दोन्ही टोकांना एकेक. एसी बाजूला वेगळा एसी एसपीडी. डीसीच्या जागी एसीचा बसवला तर तो जळताना आर्क विझवू शकत नाही.

एसपीडी असूनही इन्व्हर्टर का जातो? कारण वायरची लांबी. विजेच्या झटक्याला सरळ वायरीचा प्रत्येक मीटर साधारण १ किलोव्होल्ट जास्तीचं व्होल्टेज उभं करतो. त्यामुळे लाइनकडची आणि अर्थकडची वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवायची. बॉक्समध्ये आधी एसपीडीची आणि अर्थ पट्टीची जागा ठरवा, बाकीचं नंतर. टाइप २ ला किमान ६ चौ.मिमी, टाइप १ ला १६. एसपीडीवरची छोटी खिडकी लाल झाली की कार्ट्रिज बदला. लाल एसपीडी म्हणजे रिकामी जागा.

न्यूट्रल आणि आरसीडी

नुसत्या ग्रिड-टाय (बॅटरीविना ग्रिडवर चालणाऱ्या) इन्व्हर्टरजवळ न्यूट्रल आणि अर्थ जोडू नका. बॅटरीचा हायब्रिड असेल तर प्रश्न वेगळा: ग्रिड गेल्यावर काही मॉडेलमध्ये न्यूट्रल तरंगता राहतो, आणि मग घरातला आरसीडी (करंटची गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) फॉल्ट असूनही पडत नाही. अशा इन्व्हर्टरमध्ये बॅकअपच्या वेळी न्यूट्रल-अर्थ जोडणारा रिले आहे का, आणि तो सेटिंगमध्ये चालू आहे का, हे बघा. एका वेळी असा जोड एकाच ठिकाणी असावा.

आणि घराचं अर्थिंग फक्त स्वतःच्या रॉडवर असेल, तर ५ ओहमही एमसीबी पाडायला पुरत नाही. २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर. ३२ अँपिअरचा एमसीबी त्यावर लगेच पडत नाही. तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीडी हवाच. इन्व्हर्टरच्या सर्किटला टाइप ए चालतो की टाइप बी लागतो, ते मॅन्युअलमध्ये बघून ठरवा.

तपासणी

पहिली, कंटिन्युइटी. सर्वांत लांबच्या पॅनेलची चौकट ते अर्थ पट्टी असं मोजा. मल्टिमीटरची दोन टोकं एकमेकांना लावून येणारे ०.२-०.३ ओहम वजा करा. १५ मीटरच्या ६ चौ.मिमी वायरचा रोध ०.०५ ओहमही भरत नाही. म्हणजे वजा करून २-३ ओहम उरले तर ते वायरचे नव्हेत, जोडाचे. एकेक पॅनेल मोजत मागे या. जिथे आकडा उडी मारतो, तिथला बोल्ट उघडा.

दुसरी, इलेक्ट्रोडचा रोध. सिस्टिम बंद करून रॉडचा क्लॅम्प सोडवा. ३ मीटर रॉडसाठी अर्थ टेस्टरचा करंट खुंटा ३० मीटरवर आणि व्होल्टेज खुंटा त्याच रेषेत साडेअठरा मीटरवर ठोका. मग व्होल्टेज खुंटा ३ मीटर पुढे आणि ३ मीटर मागे करून पुन्हा मोजा. तीनही आकडे जवळपास सारखे आले तर मोजमाप खरं. फार फरक असेल तर करंट खुंटा आणखी दूर न्या. क्लॅम्प मीटरने एकट्या रॉडचा रोध मोजता येत नाही. त्याला परतीचं कडं लागतं.

तिसरी, इन्सुलेशन. १२० ते ५०० व्होल्टच्या स्ट्रिंगला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र), त्यावर १००० पर्यंत १००० व्होल्टचा. दोन्हींत किमान १ मेगाओहम. आधी इन्व्हर्टर आणि एसपीडी वेगळे करा, नाहीतर एसपीडीचाच रोध मोजला जाईल.

इन्सुलेशन फॉल्ट नेमका कुठे?

सकाळी दव असताना एरर आणि अकराला सगळं सुरळीत, ही ओल शिरलेल्या कनेक्टरची किंवा रेलच्या धारेवर घासलेल्या केबलची खूण. शोधायला मेगरही लागत नाही. एरर असतानाच आयसोलेटर बंद करा, स्ट्रिंग इन्व्हर्टरपासून सोडवा, आणि त्या व्होल्टेजला योग्य मल्टिमीटरने पॉझिटिव्ह ते अर्थ व निगेटिव्ह ते अर्थ असे दोन आकडे घ्या. स्ट्रिंग निरोगी असेल तर दोन्ही शून्याकडे घसरत जातात. स्थिर राहिले तर त्यांचं प्रमाणच जागा सांगतं. ४० व्होल्टची १० पॅनेल, पॉझिटिव्हकडून १२० आणि निगेटिव्हकडून २८०: १२० म्हणजे तीन पॅनेल, तेव्हा दोष पॉझिटिव्ह टोकाकडून तिसऱ्या आणि चौथ्या पॅनेलमधल्या जोडात. एका बाजूला शून्य आणि दुसरीकडे पूर्ण ४०० आले, तर पॅनेलला हात न लावता शून्य दाखवणाऱ्या बाजूची खाली येणारी केबल पाइपच्या तोंडाशी आधी तपासा.